वाढत्या अंगाची कयाक

दुबईत नदी नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही दोन हजार सालानंतर कधीतरी आम्ही करामा भागातल्या दोन खोल्यांच्या घरात खळाळत्या नदीत चालवायची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची होडी, आणली. मुलीच्या शाळेने सुट्टीत हिमालयातल्या एका नदीवर सहल काढली होती. अटी दोनच: कयाक स्वतःची हवी, आणि ती उलटली तर आत बसल्या बसल्या सरळ करता यायला हवी. शाळेच्या एकुलत्या एक कयाकमध्ये माझी तेरा वर्षांची लेक हे सहज करायची. सहा महिने तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

दुकानातल्या मल्याळी सेल्समनने दोन कयाक पुढे ठेवल्या. दोन्ही आखूड, गोल पोटाच्या, खडकाळ ओढ्यांत वळायला सोप्या. फरक फक्त मापाचा. "सर, ये जूते के माफिक टाइट होना. कमर हिलेगा तो बोट नहीं सुनेगा. बेबी को छोटावाला."

लेकीने छोटीत बसून पाहिलं. "धिस वन, बाबा. इट्स परफेक्ट."

परफेक्ट म्हणे! माझ्या लहानपणी आमच्या घरी शाळेचा गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला 'वाढत्या अंगाचा' एवढं एकच माप सांगत. तो अंगाला बरोबर बसू लागे तोवर कोपरात फाटलेला असे. शिवाय दोन्ही कयाकची किंमत सारखी. तेवढ्याच दिरहमांत कमी प्लास्टिक घरी नेणारा माणूस आमच्या कुळात अजून जन्मायचाय.

"बड़ावाला दो," मी म्हणालो. "बाजू में फोम डालेंगे. यल्ला, जल्दी बिल बनाओ."

सेल्समनने एकदा लेकीकडे पाहिलं आणि बिल केलं. बायकोने जुन्या गादीचा स्पंज कापून दोन्ही बाजूंना कोंबला. मी माझ्या अकलेवर बेहद्द खूश होतो.

परीक्षा शाळेच्या पोहण्याच्या तलावात होती. लेक उलटली. पाण्यात तिची कंबर वळायची, कयाक मात्र जागची हलायची नाही. तिने तीनदा प्रयत्न केला. आधी स्पंज वर आला, मग ती, खोकत. शिक्षक अदबीने म्हणाले, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." आखातात या शब्दाचा अर्थ 'विसरा आता' असा होतो, हे नवख्यालाही पहिल्या महिन्यात कळतं.

गाडीत मी शिक्षकांना, तलावाला, स्पंजला नावं ठेवली. ती टॉवेल गुंडाळून बसली होती. मग माझीच समजूत घालत म्हणाली, "इट्स ओके, बाबा. आय विल ग्रो." मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

बाकीची मुलं सहलीला निघाली त्या सकाळी ती घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकून, टाचा जुळवून उभी राहिली आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. "मार्क इट." मी तिच्या डोक्यावर पट्टी ठेवली. रेघ बोटभर वर ओढावी, असं मला फार वाटलं.