शेवटच्या रांगेपर्यंतचा आवाज

बाई टेंभी नाक्याजवळच्या चाळीत राहायच्या. तीस वर्षं नाटकात आणि सिनेमात आधी नायिका, मग आई, मग नुसती म्हातारी. भाजीवाल्याशीही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायच्या. घराबाहेर पडताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायच्या, जणू रंगमंचावरच निघाल्यात.

त्या वर्षी आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात पहिल्यांदाच दोन मुली काम करणार होत्या. माझी आई तालीम घेते, असं त्यांच्या घरी सांगितलेलं, प्रत्यक्षात शिकवायच्या बाई. हँडबिलाच्या मसुद्यात मी दिग्दर्शिका म्हणून बाईंचं नाव घातलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीनं ते खोडलं.

"बाई, हा अन्याय आहे!"

"तुझी सभा नंतर घे रे. नटीनं शिकवलंय कळलं, तर पोरींना घरातून सोडतील का?"

या सभ्य गावाला बाईंचा सिनेमा चालतो, बाई चालत नाहीत!

खेळ रंगला. मंडळाच्या चिटणीसांनी मांडववाल्याचेसुद्धा आभार मानले. मी, पत्रकं लिहिणारा, तोंड मिटून बसलो. बाई वही घेऊन पडद्याआडच होत्या. तीन अंक त्यांनी मुलींना वाक्यं पुरवली होती, आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेतही कुणाला ऐकू आला नव्हता.