हवाबीचं नाणं

आखातात, दार्सैतच्या आमच्या खोलीत रमण सावंताइतका घासपूसवेडा दुसरा नव्हता. मूळचा कुडाळकडचा. मत्रहच्या बाजारात चांदीच्या दुकानात बावीस वर्षं डागडुजी आणि पॉलिशचं काम करायचा. काळं भांडं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. मी त्याला त्यावरून भरपूर चिडवलंय.

२०१४च्या दिवाळीआधी म्हातारी हवाबी दुकानात आली. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. तिच्या मुलाला समुद्रकाठी जुन्या रोमचं एक कांस्याचं नाणं सापडलं होतं. मुलगा पुढे अपघातात गेला, आणि तेव्हापासून नाणं तिच्या मुठीत. गळ्यात घालायला त्याला चांदीची कडी बसवून हवी होती, एवढंच.

रमणने ते खोलीवर आणलं. हिरवंकाळं झालेलं. एका बाजूला बादशहा, डोक्यावर किरणांचा मुकुट, नाक धारदार. दुसऱ्या बाजूला हातात कणसं घेतलेली देवी.

"बादशहाला स्वतःचं तोंड मिरवायचंय," मी म्हटलं, "देवी आपली मागच्या बाजूला."

रमण देवीकडेच बघत होता. "दिवाळी इली, आणि देवी अशी काळी कशी परत देवची?"

घरी देव घासतात तसं त्याने ते घासलं, चिंच आणि राख लावून, अगदी मनापासून. मी समोर चहा पीत बसलो होतो. धुतल्यावर नाणं लखलखलं. हिरव्या थराबरोबर बादशहाचं नाक गेलं होतं, मुकुट गेला होता, कणसंही गेली होती. रमणचा चेहरा पडला.

"तिला कुठे दिसतंय?" मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मीही दुकानात होतो. हवाबीने नाण्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. ती रोज त्या नाकावरूनच अंगठा फिरवायची, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"ये मेरा नहीं है. मेरा किदर है, रमण?"

त्याने चिंचेचं सगळं सांगितलं, देवाची शपथ घेतली. तिने नाणं काउंटरवर ठेवलं आणि गेली.

मग दर गुरुवारी येऊन विचारायची, "मिला?" तो दर वेळी खरं सांगायचा, ती दर वेळी मान हलवून जायची. शेवटी एका गुरुवारी तो म्हणाला, "ढूंढता हूँ, अम्मा. इन्शाल्ला." त्या दिवशी ती हसली. पुढची तीन वर्षं, ती असेपर्यंत, तो हेच सांगत राहिला.

नाणं आमच्या देव्हाऱ्यात आहे. पुन्हा काळं पडलंय. दिवाळीला मी चिंच भिजत घालतो, रमण सगळे देव घासतो, आणि तेवढं एक बाजूला ठेवतो.