अक्काची टाकी आणि माझा रिले

लातूरला माझी थोरली बहीण, आमची अक्का, एकटीच राहते. दोन्ही गुडघे गेलेत, तोंड मात्र शाबूत आहे. नळाला पाणी येतं आठवड्यातून एखाद्या दिवशी. ते खाली हौदात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली का, हे बघायला अक्का जिना चढायची. मागच्या हिवाळ्यात पाय घसरून पडली, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं निर्वाणीचं सांगितलं, "आई, पुन्हा जिना चढलीस तर घराला कुलूप लावून तुला इकडं घेऊन येतो."

पुण्याचं नाव काढलं की अक्काला ताप भरतो. "तिथं काय करू मी? गॅलरीत बसून गाड्या बघू?" तिनं नांदेडला मला फोन लावला. "तू ते करंटाच्या खटपटी करत बसतोस न्हाई का? टाकी भरली की मोटर आपोआप बंद पडंल असं काहीतरी कर. न्हाईतर माझं गाठोडं बांधलंच समज."

आता आली का पंचाईत! रिटायर झाल्यापासून माझ्या टेबलावर तारा, सोल्डर आणि जुने रेडिओ पडलेले असतात. बायको त्याला भंगार म्हणते. आजवर मी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दार उघडलं की वाजणारी घंटी, आणि तीही वाऱ्यानं वाजायची. पण अक्कानं सांगितलंय म्हटल्यावर बसलो.

तसं काम साधं होतं. टाकीच्या तोंडाशी सायकलच्या चाकाच्या दोन आऱ्या, म्हणजे स्पोक, सोडायच्या. पाणी आऱ्यांना टेकलं की पाण्यातून थोडासा करंट एका छोट्या डब्यातल्या ट्रान्झिस्टरला मिळतो, ट्रान्झिस्टर रिलेला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बटणाला, जागं करतो, रिले 'टक्' करतो आणि मोटर बंद. घरी बादलीत आऱ्या बुडवल्या. टक्! बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "बरंय, वाऱ्यानं वाजत नाही." मला लगेच निघणं जमेना, म्हणून डबा आणि आऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती लातूरला पाठवून दिल्या. पंधरा दिवसांनी, पाण्याचा दिवस बघून स्वतः गेलो.

सकाळी सगळं जोडलं. आऱ्या टाकीत, डबा खाली मोटरच्या बटणाशेजारी. "आता तू खुर्चीवर नुसती बसून राहा," असं अक्काला ऐटीत सांगितलं. मोटर सुरू. आम्ही दोघं चहा पीत बसलो. रिले काही बोलेना. तेवढ्यात मागच्या गल्लीतून शेजारीण ओरडली, "ओ अक्का, टाकी वाहू लागली की!"

लातुरात पाणी सांडणं म्हणजे काय ते लातूरकरालाच विचारा. दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं गाव हे. मी धावत बटण बंद केलं. मागं वळून बघतो तर अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर! "उतर खाली!" मी ओरडलो. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. आम्हीही शरमेपायी टाकीतलं पाणी घागरीघागरीनं वाटून टाकलं. वर एकीनं विचारलंच, "हे बंद करायचं मशीन हाय, का चालू ठेवायचं?"

संध्याकाळी भाचा फोन करणार होता. माझा पारा चढला. ट्रान्झिस्टर बदलला. हलकट, तरी ढिम्म. मीटर लावून बघितलं, ट्रान्झिस्टरपर्यंत काही पोचतच नव्हतं. मग डब्यापाशीच आऱ्यांच्या तारांची टोकं एकमेकांना टेकवली. टक्! म्हणजे रिले ठीक, ट्रान्झिस्टर ठीक. आऱ्या काढून बादलीत बुडवल्या, शुकशुकाट. मधली तार नवी घातली, तरी तेच. मग राहिलं काय? चिडून आरी मुठीत आवळली, तर हात चिकटला. वास घेतला. करडीचं तेल!

"अक्का, याला तेल कुणी लावलं?"

"मी. दुसरं कोण हाय इथं?" ती सहज म्हणाली. "नवं लोखंड घरात आलं अन् तेल न लावता ठिवतात व्हय? आई विळीला लावायची, अडकित्त्याला लावायची. गंज चढला असता की! रोज बोट फिरवून उन्हात ठिवत होते."

पंधरा दिवस! करडीचं तेल उन्हात वाळलं की त्याचा वॉर्निश होतो. पाणी त्याला शिवणार कसं आणि करंट जाणार कसा? मी कपाळावर हात मारला आणि मग हसू आवरेना. अक्का आधी रुसली, मग तीही हसायला लागली. म्हणाली, "मग नीट सांगायचं की, तेल लावू नको म्हणून! आण इकडं." तिनंच भांड्याच्या तारेनं आणि राखेनं आऱ्या घासून लख्ख केल्या. बादलीत बुडवल्या. टक्! अक्का लहान पोरीसारखी म्हणाली, "पुन्हा कर."

आऱ्या पुन्हा टाकीत सोडल्या, मोटर लावली. टाकी भरत आली असेल-नसेल तोच भाच्याचा फोन. "आई, आज वर गेली होतीस का?"

अक्कानं फोन डब्याजवळ नेऊन धरला. मोटर घरघरत होती. टक्! मोटर गप्प झाली.

"ऐकलंस का?" अक्का फोनमध्ये म्हणाली. "आता मला न्यायचं नाव काढायचं न्हाई. पाण्याकडं बघायला घरात कुणीतरी हाय."

तळहाताएवढा तो डबा, आणि त्याला ती 'कुणीतरी' म्हणाली. मला एकदम भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट माझ्या खिशात होतं. "अक्का," मी म्हणालो, "मी चार दिवस राहतो."

"का रे? अजून काही बिघडलंय का?"

"न्हाई," म्हटलं. "नीट चालतंय का तेवढं बघतो."