अकरा पावलांनंतरची भिंत

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडला एका कारखान्याच्या स्लॅबवर उभा होतो. काँक्रीट अर्धं पडलेलं. स्लॅब मध्येच सोडून जाता येत नाही, म्हणून चार वाजेपर्यंत तिथंच थांबलो आणि मजुरांवर उगाच ओरडत राहिलो. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही… बावन्न हे काय जायचं वय झालं?

तो आर्किटेक्ट, मी इंजिनिअर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यानं ऑफिसात नवा कॉम्प्युटर आणला आणि बिल्डरांना वॉकथ्रू करून द्यायला लागला. म्हणजे न बांधलेल्या घरातून पडद्यावर कॅमेरा फिरवायचा. बिल्डर खूश. ह्याच्या डोक्यात मात्र भलतंच. "सगळे आधी घर काढतात, मग कॅमेरा फिरवतात. मी आधी कॅमेरा चालवणार आणि त्याच्या वाटेवरून घर काढणार." मी म्हटलं, "काढ बाबा, फक्त माझ्या गळ्यात मारू नकोस."

मारलंच. इंदिरानगरला मी माझं स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा. आईचे गुडघे गेलेले, दमही लागायचा. सुधीर दोन दुपारी आमच्या जुन्या घरी येऊन नुसता बसला. चहा पीत, घड्याळ लावून, आई तिच्या खोलीतून स्वयंपाकघरात कशी जाते ते बघत राहिला. मग कॉम्प्युटरमध्ये आईच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून त्यानं तो तस्साच चालवला. हळू, जरा डावीकडे कलत, मध्येच थबकत. क्षणाक्षणाला कॅमेरा कुठं होता ते नकाशावर उमटवलं आणि त्या खुणा जोडून पॅसेजची भिंत काढली. चाल मंदावली तिथं पॅसेज रुंद, नीट पडली तिथं अरुंद.

"ही भिंत आहे की जिलबी?" मी विचारलं.

"काकूंची चाल आहे," तो म्हणाला.

बाकीची वळणं मी गिळली. पण एका जागी भिंत एकदम दीड फूट बाहेर गेली होती. मला वाटलं, ह्याचा कॉम्प्युटर हँग झाला असणार, कॅमेरा तिथंच अडकला असणार. तेव्हा ते रोजचंच होतं. त्याला न विचारता मी मिस्त्रींना सांगितलं, "दोरी लावा, सरळ घ्या."

सुधीर साइटवर आला, भिंत बघितली. भडकेल असं वाटलं होतं. "कॉम्प्युटर नाही रे अडकला," एवढंच म्हणाला. "अकरा पावलांनंतर काकूंना दम लागतो. त्या थांबतात आणि उजेडाकडे तोंड करतात." दुसऱ्याच दिवशी मी ती भिंत फोडून त्याच्या नकाशासारखी बाहेर घेतली, तिथं खिडकी बसवली, आणि वर त्यालाच ऐकवलं की तुझ्यापायी माझ्या विटा फुकट गेल्या. माझं चुकलं, हे दोन शब्द मात्र दहा वर्षांत तोंडातून निघाले नाहीत. आता कुणाला म्हणू?

शेवटी गेल्या आठवड्यात आईला सगळं सांगितलं. ती त्या खिडकीशीच उभी होती, भिंतीला हात टेकून. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"दोन दुपारींत कळलं होय त्याला?" तिनं विचारलं. सावकाश श्वास पुरा केला. "तू तर रोज घरात होतास रे," म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे निघाली.