ताईंचा मदरबोर्ड

"मागची बाजू दाखवा जी," असं ताई म्हणायच्या. भाजीवाल्याला म्हणायच्या, साडीच्या दुकानात म्हणायच्या, आणि माझ्या प्रेसमधली ताजी पत्रिका हातात घेतली की आधी ती उलटी करायच्या. शाई मागे उमटलेली दिसली तर माझी धडगत नसे. रागवायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं.

विश्रांतवाडीत माझी लहानशी ऑफसेट प्रेस आहे. ताई दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि घरी बसून मला मराठी मजकूर टाइप करून द्यायच्या. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते. माहेर नागपूरकडचं, म्हणून ते 'जी'. मिस्टर खडकीला कारखान्यात होते. ते लवकर गेले, आणि पुढे घर चाललं, लेक शिकली, ती या टायपिंगवर.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, कीबोर्डकडे ढुंकूनही न बघता, तुमच्याशी गप्पा मारत टाइप करणारी. ताई त्यातल्या. कसलंही जोडाक्षर येऊ द्या, बोट अडायचं नाही. फक्त हे सगळं एकाच जुन्या प्रोग्रॅमवर. तो चालायला काडेपेटीएवढं एक लॉक लागायचं, आणि ते लॉक बसायचं जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटमध्ये. नव्या कॉम्प्युटरला ते सॉकेटच नसतं. लॉक नाही, तर प्रोग्रॅम उघडत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमवर ताईंची बोटं चालत नव्हती.

लेकीचं लग्न ठरलं आणि नेमका तेव्हाच ताईंच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. लेक खराडीला आयटीत. ती म्हणाली, आई, माझ्या लॅपटॉपवर करू, अर्ध्या तासात होईल. मीही म्हटलं, दुसऱ्या ऑपरेटरकडून करून घेतो. ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, साऱ्या विश्रांतवाडीच्या पोरींच्या पत्रिका मी केल्या. माझ्या पोरीची दुसऱ्यानं करायची?"

मी स्कूटर काढली.

तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ताईंनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली. आत जुना प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क आणि ते लॉक. दुकानदाराला त्यांनी आधीच बजावलं, हे सगळं चालेल असाच बोर्ड द्या, नवीन काही सांगू नका. त्यानं स्वस्तातला एक काढला. खोक्यावर आग ओकणारा ड्रॅगन. ताईंनी अर्थातच मागची बाजू मागितली. प्रोसेसर बसेल का? बसेल. याच पट्ट्या चालतील? चालतील. जुनं विंडोज? तेही चालेल. पण मागे ते रुंद सॉकेट काही नव्हतं. दुसऱ्या बोर्डला सॉकेट होतं, तर त्यावर जुना प्रोसेसर बसेना आणि जुनं विंडोजही चालेना.

माझा धीर सुटत चालला होता. भूक लागली की मी तसाही चिडतो. ताई मात्र तो ड्रॅगनवाला बोर्ड हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून, नाकाला लागेल इतका जवळ नेऊन बघत बसल्या. मग कडेच्या पिनांच्या रांगेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कशासाठी जी?"

दुकानदार वाकला आणि हसायलाच लागला. पिना प्रिंटरच्याच होत्या. त्यातून सॉकेट बाहेर काढायची वायर तेवढी खोक्यात दिली नव्हती. ती त्यानंच भंगारात हात घालून शोधून काढली.

तिथंच सगळं जोडलं. प्रोग्रॅम म्हणाला, लॉक सापडत नाही. ताईंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दुकानदार म्हणाला, थांबा, सेटिंगमध्ये या सॉकेटचा पोर्ट बंद असणार. त्यानं तो चालू केला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि प्रोग्रॅम उघडला. ताईंनी पदरानं स्क्रीन पुसला. तो स्वच्छच होता.

आणि काय पत्रिका केली हो! वर 'नमो बुद्धाय', वडिलांच्या नावाआधी 'कै.'च्या जागी 'कालकथित', मग काका, मामा, आत्या, सगळं गणगोत. एक वेलांटी चुकलेली नाही. मी प्लेट काढली, छपाई सुरू केली. लेक सहज डोकावली, पहिली प्रत हातात घेतली आणि म्हणाली, "काका, यात आई कुठाय?"

पाहतो तर खरंच नव्हती. निमंत्रक म्हणून दिरांचं नाव होतं, ताईंचं कुठेच नाही. मी मशीन थांबवलं आणि आम्ही दोघं ताईंच्या घरी गेलो. विधवेनं आपलं नाव घालू नये, असलं काही कुणी त्यांच्या डोक्यात भरवलं असेल, तर मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण ताई स्वतःच गोंधळल्या.

"राहिलंच की जी," म्हणाल्या.

जन्मभर लोक नावं कागदावर लिहून आणायचे आणि ताई ती टाइप करायच्या. या वेळी कागद त्यांनीच लिहिला होता. त्यात स्वतःचं नाव लिहायचं असतं, हे त्यांना सुचलंच नाही.

ताई कॉम्प्युटरपुढे बसल्या. आम्ही मागे उभे. नाव टाइप करायला घेतलं आणि थांबल्या. मान खाली घालून, कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत, एका बोटानं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं, सरळ सांगतो.

"लहान अक्षरात ठेवते," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवून तर बघा, छापतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या. आता कुणी पत्रिकेचा मजकूर घेऊन आलं की मी आधी आईचं नाव बघतो. पुष्कळदा नसतं. विचारलं तर लोक वैतागतात. एकजण म्हणाला, तुम्हाला काय करायचंय, आहे ते छापा. मी वाद घालत नाही. "आईचं नाव सांगा," म्हणतो आणि पेन उघडून बसतो.