दादाचं दुखणं देवीपुढे
गिरण्यांचा संप लांबत गेला आणि त्यातच माझ्या थोरल्या भावाचं मन आजारी पडलं. दादा गिरणीच्या साचेखात्यात, मागावर कामाला होता. लालबागच्या आमच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि हवेतच तुटलेले धागे जोडत राही. झोप नाही, अंघोळ नाही. शेजारी म्हणत, बाहेरची बाधा आहे. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार आहे, औषधाने आटोक्यात राहतो. पण वेड्यांच्या गोळ्या म्हणून दादा त्या घेईना. देवीपुढे दिवा लावताना माझा हात आता अडखळायचा. हिला आमचं काही दिसतं का, असंच वाटायचं.

मी दादरला एका बाईंकडे नृत्य शिकत होते. मला तिथे नेऊन घातलं होतं तेही दादानेच. नवरात्रात प्रभादेवीच्या एका देवळात आमचा कार्यक्रम ठरला. विषय बाईंनी माझ्यावर सोडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दादाचं दुखणं दाखवते. आई ऐकून रडायलाच लागली. "घरातला चव्हाट्यार कशाक मांडतंस?" मग मी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "दाखव. पण लोकांना हसवू नको."

त्या संध्याकाळी देवीपुढे मी धागे जोडायला लागले. आधी सावकाश, मग झपाझप, मग थांबताच येत नाही असे. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. तबला चालू आणि मी नुसती उभी. आईशेजारी दादा बसला होता, त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. आई, आता तूच बघ, एवढंच देवीला म्हटलं.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी कोळीण उठली. हसणाऱ्यांकडे वळून म्हणाली, "हासू नका. माझा पोर पन आसाच हाय." मग माझ्याकडे बघून, "नाच गो बाय."

मी नाचले. बाधा उतरवणारा भगत मी दाखवला नाही, राक्षसाला मारणारी देवीही नाही. थकलेला माणूस खाली बसतो आणि आई त्याच्यापुढे ताट ठेवते, तिथे संपवलं. नंतर त्या कोळणीला शोधलं, तर ती दिसली नाही. पुजाऱ्यांना ती ठाऊक नव्हती, शेजारी बसलेल्या बायकांनाही नाही. ती कोण, यावर मी पुढे कधी डोकं चालवलं नाही.

देवळाबाहेर चाळीतल्या एका काकांनी आईला हळूच विचारलं, "पोरीने हे कुणाचं दाखवलं?" आईने मान खाली घातली. उत्तर दादाने दिलं.

"माझं. मला आजार झालाय, काका. औषध घेणार आहे."

त्याची मान इतकी ताठ मी फार दिवसांनी पाहिली.

दादा पूर्ण बरा झाला असं नाही. गिरणीतही त्याला परत घेतलं नाही. पण गोळ्या घेत, मध्येच ढासळत, पुन्हा सावरत तो उभा राहिला. ते नृत्य मी पुढे अनेक ठिकाणी केलं आणि जमेल तेव्हा तो समोर येऊन बसला. त्या संध्याकाळी सगळं माझ्या हातून सुटलं होतं. ज्या क्षणी ते देवीवर टाकलं, त्याच क्षणी ते सांभाळलं गेलं. तिचे उपकार कसे मानायचे, मला अजून कळत नाही. कार्यक्रमानंतर कुणी विचारलं, हे कुणाचं, तर मी आवाज न उतरवता सांगते, माझ्या दादाचं.