उलट्या उतरणाऱ्या रेघा

कला महाविद्यालयात शिकत असताना मी एकदा सरांना विचारलं होतं, "या इतिहासात एकही बाई चित्रकार नाही. नव्हत्याच का?"

सर भले होते. थोडा विचार करून म्हणाले, "असतील गं. पण त्यांचं काही उरलं नाही."

उरलं नाही म्हणजे गेलं कुठे? हा प्रश्न डोक्यात बसला आणि पुढची सगळी नोकरी मी त्याच्याच मागे फिरत केली. नाशिकमध्ये कलेचा इतिहास शिकवायचा आणि सुट्टी लागली की ओळखीपाळखीनं लोकांच्या घरातली जुनी चित्रं बघत हिंडायचं. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिला साड्या दाखवू नका, माळ्यावरची अडगळ दाखवा."

मध्यंतरी एका दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं आणि मला प्रस्तावना लिहायला सांगितलं. चित्रं बहुतेक वणीच्या यात्रेची होती. पायी आलेल्या बायका झाडाखाली टेकलेल्या. एक पोराला पाजतेय, एक साडी गुडघ्यापर्यंत ओढून तळपायाचे फोड बघतेय, एक केस मोकळे सोडून आडवी झालीये. कुणी सावरून बसलेलं नाही. अनोळखी पुरुष कागद-पेन्सिल घेऊन समोर बसला असता, तर या अशा बसल्या असत्या?

मग मी सावल्यांच्या रेघा बघू लागले. उजव्या हातानं भराभर रेघा मारल्या की त्या सहसा वरून डावीकडे उतरतात. या उजवीकडे उतरत होत्या. एका कागदावर नाही, बहुतेक सगळ्यांवर.

"सर डावखुरे होते का?" मी आयोजकांना विचारलं.

"छे! फळ्यावर उजव्या हातानं लिहायचे. का हो मॅडम?"

कारण न सांगता मी सरांच्या मुलीचा पत्ता मागितला. ती एकलहऱ्याला राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली, एकटीच. चहा होईपर्यंत ती छान बोलली. मी रेघांचा विषय काढला तसा तिनं हातातला कप खाली ठेवला.

"बाबांना खोटं ठरवायला आलात का?"

"नाही हो ताई. चित्रं कुणी काढली एवढंच मला जाणून घ्यायचंय."

तिनं उठून वीज केंद्राच्या बाजूची खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "आई डावखुरी होती. जेवताना, वाढताना उजवा हात. तेवढं सासरी शिकवलं होतं तिला. पण पेन्सिल डाव्याच हातात. यात्रेला आम्ही सगळे जायचो. बाबा आम्हा पोरांना देवळात न्यायचे आणि आई बायकांत बसून राहायची."

"मग सही?"

"सही बाबांचीच." ती एकदम हसली. "आई म्हणायची, माझं नाव घातलं तर सासूबाई विचारतील, मग त्या दिवशी स्वैपाक कोणी केला?"

मीही हसले. पण परतीच्या रस्त्यावर ते हसू टिकलं नाही. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट दाराबाहेर पडायला एवढी वर्षं लागली होती.

आयोजकांना मी सगळं सांगितलं. ते दुखावले. "सरांच्या स्मृतीचा कार्यक्रम आहे, मॅडम. तुम्ही रेघांवरून..." असं म्हणत त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी सरांच्या मुलीनंच त्यांना फोन केला. काय बोलली ते मला दोघांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा निरोप आला: दोघांच्या नावानं प्रदर्शन करू.

यात्रेच्या चित्रांखाली आईचं नाव लागलं. सरांची निसर्गचित्रं शेजारच्या भिंतीवर होती, आणि तीही सुंदर होती. काही चित्रांत मात्र रेघा दोन्हीकडे उतरत होत्या, एकमेकींना छेदत. ती एकानं सुरू करून दुसऱ्यानं पुरी केली असतील का? मुलीलाही आठवेना. त्यांच्याखाली मी लिहिलं, "कुणी काढलं, माहीत नाही."

उद्घाटनाच्या दिवशी मुलगी इस्त्रीची साडी नेसून आली आणि यात्रेच्या चित्रांपाशीच उभी राहिली. कुणी थांबलं की पुढे होऊन सांगायची, "हे माझ्या आईनं काढलंय. खाली बसून, बायकांत."